मागावर बसलेला कवी

तिसऱ्या पेटीतला तो कागद मी उचलला तेव्हा आधी मला फक्त एक माग दिसला. लाकडी हातमाग, आमच्या आजोबांच्या वेळचा. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत मी एकटीच बसले होते. हातात पांढरे सुती मोजे, पुढ्यात नोंदवही. सोलापुरातल्या एका जुन्या व्यंगचित्रकाराच्या मुलीनं वडिलांच्या पश्चात त्यांची सगळी चित्रं आमच्याकडं देऊन टाकली होती, चार पेट्या भरून. एकेक चित्र बाहेर काढायचं, त्यात काय दिसतंय ते दोन ओळींत लिहायचं आणि त्याला क्रमांक द्यायचा, हे माझं काम. अकरा महिन्यांच्या करारावर मला ठेवलं होतं.

मी कागद खिडकीकडं धरला. मागावर एक हाडकुळा माणूस बसलेला, डोळे आभाळाकडं, कानावर पेन्सिल. मागातून कापडाच्या जागी कागद बाहेर येत होता आणि त्यावर कवितेच्या ओळी होत्या. खाली जमिनीवर त्याची बायको मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती, आणि त्याच कागदाचे तुकडे फाडून बंडलं बांधत होती. तिच्या पदराला धरून एक शेंबडी पोरगी उभी, फ्रॉकचं वरचं बटण तुटलेलं. चित्राच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘माझा कविता’. खाली संवाद होता. कवी म्हणतो, आज बारा ओळी विणल्या. बायको म्हणते, बरं झालं, बंडलं बांधायला कागद संपलाच होता.

मला हसू आलं. खरंच आलं, लपवून काय करू. मग त्या माणसाच्या डाव्या कानाकडं लक्ष गेलं. कानाची पाळी मधोमध चिरलेली होती.

नानांचा डावा कान तसाच आहे. आमच्या तेलुगू घरात वडिलांना नाना म्हणतात. नानांनी सगळा जन्म शहराच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात यंत्रमाग चालवण्यात घालवला. माझ्या जन्माआधी एकदा चालत्या मागातून आडवा धागा नेणारा टोकदार धोटा उडाला आणि कान फाडून गेला. अम्मा घरी बसून विड्या वळायची. आणि त्या फ्रॉकचं बटण मीच चावून चावून तोडलं होतं, त्यासाठी मार खाल्लेला मला आठवतो.

मी चित्र उलटं केलं. मागं पेन्सिलीनं तारीख घातली होती, फेब्रुवारीतली. साल बघितलं आणि कागद टेबलावर ठेवला.

त्या फेब्रुवारीत मी तिसरीत होते. एका सोमवारी नाना डबा घेऊन कामावर गेले आणि परत आले नाहीत. संध्याकाळी पाळी सुटली, गल्लीतली माणसं आपापल्या घरी आली, हातपाय धुऊन ओट्यावर बसली. आमच्या दारात कुणी आलं नाही. अम्मा सूप बाजूला ठेवून कारखान्यात गेली. तिथं तिला कळलं, की नाना सकाळी आले होते, आपल्या मागापाशी गेले होते. मागाला कुणीतरी पेपरातलं एक कात्रण चिकटवून ठेवलं होतं. ते त्यांनी बघितलं, डबा खाली ठेवला आणि न बोलता बाहेर पडले. कात्रणात काय होतं ते अम्माला सांगायला कुणी तयार होईना. तिला मराठी वाचता येत नव्हतं, आणि कात्रणही तोवर कुणी काढून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारचे दोघे जण लांब बांबू घेऊन तलावावर गेले. मला कुठं ठेवावं हे न सुचून अम्मा मलाही घेऊन गेली. भर ऊन होतं. काठावर माणसं जमली होती आणि ती हळू आवाजात बोलत होती, मेलेल्या घरात बोलतात तशी. ते दोघे बांबू पाण्यात खुपसत, ढवळत, परत खुपसत. ते काय शोधतायत ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि तरी मला कळलं होतं. एकदा बांबूला काहीतरी जड लागलं. अम्मानं माझं तोंड आपल्या पोटावर इतक्या जोरात दाबलं की मला श्वास घेता येईना. वर आली ती एक भिजलेली गादी.

गुरुवारी दुपारी नाना आले. अंगात तोच सदरा, केसांत धूळ, दोन्ही तळहातांना चिंध्या बांधलेल्या. अम्मानं पाणी दिलं. कुठं होता, हे तिनं माझ्यासमोर तरी विचारलं नाही. एवढंच कळलं की ते मंगळवेढ्याच्या एसटीनं आले होते. तोवर नाना मराठीत कविता लिहायचे, माग चालू असताना मनात जुळवायचे आणि घरी येऊन वहीत उतरवायचे. त्या दोन वह्या फळीवर असायच्या. त्या कुठं गेल्या मला माहीत नाही. घरात कवितेचं नाव पुन्हा निघालं नाही. त्या विषयावर नानांना कधी काही विचारायचं नाही, असं अम्मानं मला बजावलं होतं.

त्यानंतर रोज पाळी सुटायच्या वेळी मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायचे. खेळायला नव्हे. नानांचा सदरा दिसेपर्यंत मी तिथून हलत नसे. कधी ते वाटेत कुणाशी बोलत थांबले, पाच-दहा मिनिटं उशीर झाला, की मला तो बांबू दिसायचा. लग्न होईपर्यंत मी हे केलं, आणि कुणाला कधी सांगितलं नाही.

दुपारी आमच्या मॅडम, म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुख, खोलीत आल्या. ते चित्र त्यांनी पाहिलं आणि टेबलाशी उभ्या उभ्याच हसल्या. चारी पेट्यांतलं सगळ्यात चांगलं चित्र हेच, असं त्या म्हणाल्या. पुढच्या महिन्यात या व्यंगचित्रांचं प्रदर्शन होतं. हे चित्र मोठं करून फाटकावर लावायचं आणि निमंत्रणपत्रिकेवरही हेच छापायचं, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. नोंदवहीत मी लिहिलं होतं, ‘अज्ञात कवी, मागावर’. तेही त्यांना आवडलं.

फाटक म्हटल्यावर मला नाना आठवले. नाना आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. छातीत दोन स्टेंट बसवले आहेत. अम्मा गेल्यापासून ते माझ्याकडंच असतात. नवरा पुण्यात नोकरीला, शनिवारी येतो, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. रोज सकाळी नाना चालत वाचनालयात जातात, पेपर वाचतात आणि परत येताना आमच्या फाटकावरून येतात. पुष्कळदा आत येऊन मामांपाशी बसतात. मामा म्हणजे आमचे शिपाई, करमाळ्याकडचे, वयानं साठीच्या जवळचे. दोघांच्या पावसापाण्याच्या गप्पा चालतात. म्हणजे ज्या सकाळी ते चित्र फाटकावर चढलं असतं, त्याच सकाळी नानांनी ते पाहिलं असतं, माणसाएवढं मोठं, सगळ्यांसमोर.

मॅडमना सांगून टाकायचं, इतकं ते सोपं होतं. आता कळतं. पण सांगायचं म्हणजे हा माझा बाप, ही माझी आई आणि ही शेंबडी मुलगी मी, असं तोंडानं म्हणायचं. ते मला जमेना. तीन दिवस मी रोज ठरवून जायचे आणि गप्प बसून यायचे. चौथ्या दिवशी मॅडम बैठकीसाठी पुण्याला गेल्या. मी तो कागद टिश्यूच्या दोन तावांमध्ये ठेवला आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, पाणीपुरवठ्याच्या जुन्या नकाशांखाली सरकवला. तो खण कुणी उघडत नसे. खण बंद करताना त्याचा कर्र असा आवाज झाला. तो ऐकून मामा दारात आले आणि काही हवंय का म्हणून विचारून गेले.

छापखान्याचा माणूस सोमवारी चित्र स्कॅन करायला आला. चित्र जागेवर नव्हतं. मॅडमनी पेट्या पुन्हा उपसायला लावल्या, मीही सगळ्यांबरोबर शोधत राहिले, शोधायचं सोंग करत राहिले. खालचा खण मी स्वतः उघडला, वरचे दोन नकाशे उचलून दाखवले आणि इथं नाही म्हणाले. दुपारपर्यंत मॅडमचा आवाज बदलला होता. त्या खोलीच्या किल्ल्या दोघांकडं असायच्या, त्यांच्याकडं आणि मामांकडं. त्यांनी मामांना आत बोलावलं. दार लोटलेलं होतं, तरी एकेक शब्द ऐकू येत होता. चित्र देणगीतलं आहे, उद्या दुपारपर्यंत सापडलं नाही तर विश्वस्तांना कळवावं लागेल आणि मग पोलिसात जावं लागेल, असं मॅडमनी त्यांना सांगितलं.

मामा बाहेर आले ते टोपी हातात घेऊन. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते सरळ माझ्या टेबलाशी आले.

“ताई, म्या त्या कपाटाला हात बी लावला न्हाय,” ते म्हणाले. “रिटायर व्हायला सात म्हैनं ऱ्हायल्यात. पोलीस गावाकडं चौकशीला गेलं तर मानसं काय म्हनतील? तुमी सांगा की म्याडमना. तुमचं ऐकत्यात त्या.”

सापडेल मामा, एवढंच मी म्हणाले. मग पुन्हा पेटी उपसायचं सोंग करायला लागले.

आता मला दोन भीती होत्या आणि त्या एकमेकींना सोडत नव्हत्या. चित्र बाहेर काढलं तर नाना. नाही काढलं तर मामा. घरी गेले तर नाना टीव्हीवर बातम्या बघत होते. त्यांनी विचारलं, जेवलीस का दुपारी, तोंड का उतरलंय. मी म्हणाले, ॲसिडिटी.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या आधी पोचले. खालचा खण उघडला, चित्र काढलं आणि त्या आल्या तेव्हा ते त्यांच्या टेबलावर ठेवून उभी राहिले. सगळं सांगितलं. कान, फ्रॉक, तलाव, सगळं. मॅडमनी हातमोजे चढवले आणि आधी कागदाच्या चारी कडा तपासल्या, कुठं दुमडलाय का, फाटलाय का. मग माझ्याकडं पाहिलं. मामांना बोलाव, म्हणाल्या.

मामांसमोर मला परत सांगावं लागलं. चित्र मी लपवलं होतं, त्यांच्यावर आळ येत असताना मी गप्प बसले होते. मामांनी ऐकून घेतलं. “बरं,” म्हणाले आणि टोपी घालून बाहेर गेले.

मॅडम ओरडल्या नाहीत. झाल्या प्रकाराची नोंद माझ्या फाइलीत करावीच लागेल, असं म्हणाल्या. चित्र फाटकावर लावणार नाही, पत्रिकेवरही छापणार नाही, पण आत प्रदर्शनात ते लागेल. “चित्र लपवायचा अधिकार तुलाही नाही आणि मलाही नाही,” त्या म्हणाल्या. “वडिलांना तू सांग. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर काय होईल, त्याचा विचार कर.”

रविवारी दुपारी मी सांगितलं. नवरा भाजी आणायला गेला होता. नाना जेवायला बसले होते. मी त्यांची जिभेखाली ठेवायची गोळी पाण्याच्या तांब्याशेजारी काढून ठेवली होती आणि फोनवर डॉक्टरांचा नंबर उघडून फोन मांडीवर धरला होता. आम्ही घरात तेलुगूत बोलतो, इथं मराठीत लिहिते आहे. मी म्हणाले, नाना, आमच्या संग्रहालयात एक चित्र आलंय, तुमचं. कुणी काढलंय तेही सांगितलं.

ते भात कालवत होते. कालवतच राहिले. मग त्यांनी विचारलं, “त्यात अम्मा आहे?”

“आहे.”

“आणि तू?”

“मी पण आहे.”

त्यांनी हात धुतला. मला वाटलं आता उठतील, चप्पल घालतील आणि जातील. दार मी आतून लावून घेतलं होतं. पण ते भिंतीला टेकून बसले आणि बोलायला लागले. एवढी वर्षं जे मी विचारलं नव्हतं ते सगळं, अगदी सावकाश, कुणा दुसऱ्याची हकिगत सांगावी तसं.

तो व्यंगचित्रकार त्यांचा मित्र होता. कारखान्यात कुणाकडं तरी आला होता, तिथं ओळख झाली. मागावरचा माणूस मराठीत कविता लिहितो याचं त्याला कौतुक वाटलं. तो आमच्या घरी तीनदा येऊन गेला, अम्माच्या हातचा चहा प्यायला, मला त्यानं मांडीवर बसवलं होतं म्हणे. त्यानंच नानांना शहरातल्या एका कविसंमेलनात नेलं. तिथं घाबरून नाना सुरुवातीला ‘माझा कविता’ म्हणून गेले. तेलुगू घरातल्या माणसाची मराठीत अशी गल्लत होतेच. लोक हसले. नानाही हसले.

“माझ्यावर हसले त्याचं काही नाही,” ते म्हणाले. “पण तो आपल्या घरात बसून गेला होता. तुला, अम्माला त्यानं बघितलं ते आपल्या घरात. ते त्यानं बाहेर नेलं. मागाला चिकटवलेलं ते कात्रण बघितलं आणि मला वाटलं, या दोघींना मीच रस्त्यावर उभं केलंय.”

ते चालत स्टँडवर गेले. मंगळवेढ्याची गाडी लागली होती, तिच्यात बसले. उतरल्यावर रस्त्यानं चालत राहिले, ज्वारीची काढणी चालली होती. एका शेतात विहीर दिसली.

“वाकून बघितलं, बिड्डा,” ते मला म्हणाले. बिड्डा म्हणजे लेकरू. “खरं सांगतो. पण पाणी इतकं खाली होतं की दिसेचना. मी बघत उभा होतो तेवढ्यात मागनं एका बाईनं हाक मारली, पेंढी उचलायला हात लावा म्हणून. मी लावला. तिला वाटलं मी कामाच्या शोधात आलोय. मग दोन दिवस त्यांची ज्वारी उपटली. हाताची सालं निघाली. तिनंच चिंध्या बांधल्या आणि म्हणाली, हे तुमचं काम न्हाय, घरी जावा.”

माझ्या मांडीवरचा फोन कधीच काळा पडला होता. तो बांबू, ती भिजलेली गादी. मला वाटत आलं होतं की लहानपणी मी उगाच भ्याले होते. उगाच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर चित्र बघायला आले. मी नको म्हणत होते. मॅडमनी खुर्ची दिली, मामांनी पाणी आणून ठेवलं, माझ्याकडं न बघता. चित्र टेबलावर उघडं होतं. नाना चष्मा पुसून वाकले. मी त्यांच्या मागं उभी राहून त्यांचे खांदे बघत होते, श्वास नीट चाललाय का ते बघत होते.

“हा हातमाग आहे,” ते मॅडमना म्हणाले. “मी यंत्रमाग चालवायचो. त्याच्यापुढं आठ-आठ तास उभं राहावं लागतं, असं बसायला कुठं मिळतं. आणि घरी विड्यांच्या बंडलाला कागद लावत नाहीत, दोरा बांधतात. त्याला मी सांगितलं होतं.” मॅडमनी ते लिहून घेतलं.

मग नाना अम्मापाशी आले. हात लावू का, असं त्यांनी विचारलं. मॅडम नाही म्हणाल्या. त्यांनी बोट कागदाच्या वर, अधांतरीच धरलं आणि तिच्या पदराच्या रेघेवरून हळूहळू फिरवलं. मांडीवरचं सूप, पुढं झुकलेली मान, पान वळताना दुमडलेला अंगठा. त्या वयातला अम्माचा एकही फोटो आमच्याकडं नाही. ते नानांनी मला सांगायची गरज नव्हती.

एकाएकी त्यांचा श्वास जोरात चालायला लागला. मी गोळीची बाटली उघडताना सगळ्या गोळ्या फरशीवर सांडल्या. मामा खाली वाकून त्या वेचायला लागले. नानांनी हातानंच थांब म्हणून खूण केली. पाणी प्याले, दहा मिनिटं डोळे मिटून बसले. त्या दहा मिनिटांत मी काय काय बघितलं ते लिहीत नाही. मग डोळे उघडून ते म्हणाले, “राहू दे ते इथं.” चित्राखाली तुमचं नाव लिहू का, असं मॅडमनी विचारलं. नको म्हणाले, पण माग चुकलाय ते लिहा.

प्रदर्शन भरलं. पहिल्या दिवशी कॉलेजच्या मुली त्या चित्रापुढं उभ्या राहून हसल्या आणि मी कोपऱ्यात दाराकडं डोळे लावून उभी होते. नाना तिसऱ्या दिवशी आले. मागं हात बांधून गर्दीत उभे राहिले. कुणीतरी मोठ्यानं संवाद वाचून हसलं, तेव्हा नानांनी त्या माणसाला बंडलाला कागद नसतो, दोरा असतो, असं सांगितलं. तो माणूस हो का म्हणाला आणि पुढच्या चित्राकडं गेला. त्या दिवशी घरी येऊन ते नेहमीसारखे जेवले. कविता त्यांनी परत लिहिली नाही. मी विचारलं होतं. आता काय, म्हणाले.

माझा करार संपला तो वाढवला नाही. मॅडमचं त्यात काही चुकलं असं मला वाटत नाही. शेवटच्या दिवशी मी मामांना पेढे द्यायला गेले आणि म्हणाले, मामा, माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला. त्यांनी पेढा घेतला, कागदात बांधून खिशात ठेवला.

“तुमच्या वडलांचं ठीक हाय न्हवं?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. ते फाटक उघडायला गेले. आता ते निवृत्त होऊन गावी गेले आहेत. नानांकडं त्यांचा नंबर आहे, महिन्या दोन महिन्यांनी दोघं फोनवर बोलतात. नाना मला विचारतात, बोलतेस का मामांशी. मी कामाचं निमित्त करून आत जाते. त्या दुपारी हातात टोपी घेऊन ते माझ्या टेबलाशी आले होते आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत ‘सापडेल’ एवढंच म्हणाले होते. ते त्यांनी मनातून काढलंय का, हे विचारायचं मला अजून धाडस होत नाही.